दोन ‘द’ आणि एक बशी

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एवढं करून बघा. तुमच्या हातात चुरगळलेल्या कागदाचा एक बोळा आहे आणि दहा पावलांवर कचऱ्याची टोपली. बोळा टाकलात. तो टोपलीच्या उजवीकडे पडला. आता दुसरा कसा टाकाल? ‘थोडा डावीकडे,’ असंच म्हणालात ना? शाबास. मीही तेच म्हणालो असतो.

पण समजा, पहिला टाकताना शेजारच्याने तुमच्या कोपराला धक्का दिला होता. दुसरा टाकताना तुम्हाला शिंक आली. तिसरा टाकताना मागून कोणीतरी ओरडलं, ‘अरे, असा नाही, तसा!’ आणि तुम्ही मात्र दर बोळ्यानंतर नेम बदलत बसलात. थोड्या वेळाने काय होईल? वर्गभर बोळे आणि टोपली रिकामी.

उघडा डोळे. माझा अख्खा ऑक्टोबर असा गेला. माझ्याकडे बोळ्यांऐवजी काडतुसं होती, एवढाच फरक.

मी सिल्वो मोहार. कोचेव्येच्या शाळेत अडतीस वर्षं गणित शिकवलं. निवृत्तीनंतर शिकाऱ्यांच्या मंडळात नाव घातलं, दोन वर्षं उमेदवारी केली, परीक्षा दिली आणि वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी स्वतःची पहिली रायफल घेतली. मंडळाचा एक नियम आहे आणि तो चांगला आहे. शरद ऋतूत रानडुकरांच्या हाकाऱ्याला सुरुवात होण्याआधी प्रत्येकाने आपली रायफल तपासून दाखवायची. शंभर मीटरवर कागद, कागदावर कॉफीच्या बशीएवढं वर्तुळ, तीन गोळ्या, तिन्ही वर्तुळात. संधी दोन. ज्याला कागदावर नेम धरता येत नाही त्याने जिवंत जनावरावर धरू नये, जनावर अर्धवट जखमी होऊन तडफडतं, म्हणून हा नियम. नापास झालात तर रायफल वसंतापर्यंत कपाटात आणि तुम्ही नारिंगी जाकीट घालून झुडपांतून ‘हो हो हो’ करत रान उठवायचं. उमेदवार म्हणून दोन हंगाम मी ते केलं होतं. माझ्या विजारीला अजून काटे आहेत. तिसरा हंगाम मला नको होता, एवढंच माझं म्हणणं होतं.

आणि तपासणारा कोण? उर्बान लाव्रिच. माझा विद्यार्थी. त्याला मी चार वर्षं एकच वाक्य ऐकवलं होतं, ‘घाई करू नकोस, उर्बान.’

सुरुवात कपाटाने झाली. रायफल घरी आणायची तर आधी पोलादी कपाट हवं आणि ते भिंतीला बोल्टने जखडलेलं हवं. मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, पण पहिल्या मजल्यावर विल्को गोर्शे आहे. हा कारखान्यातला निवृत्त फिटर आणि त्याला न येणारी एकही गोष्ट या जगात नाही.

“मास्तर, चार टनांची यंत्रं सरकवली आहेत मी,” विल्को म्हणाला. “हा तर डबा आहे.”

डबा दुसऱ्या मजल्यापर्यंत आला आणि तिथल्या वळणावर अडकला. ना वर, ना खाली. विल्कोने कपाट तिरकं केलं, उभं केलं, त्याच्याशी बोलला, मग त्याला शिव्या दिल्या. शेवटी कंबर धरून तो पायरीवर बसला. “जिना चुकीचा बांधलाय,” त्याने निकाल दिला.

कपाट बरोबर रोझालियाबाई पुत्सेल यांच्या दारापुढे होतं. दार बोटभर उघडलं.

“मोहार मास्तर, घरात कपाट नेताय की रणगाडा?”

“दोन दिवसांची गोष्ट आहे, बाई.”

“माझ्या नवऱ्याने पण बाल्कनीच्या काचा बसवताना असंच म्हटलं होतं. देव त्याच्या आत्म्याला शांती देवो, काचा अजून यायच्या आहेत.”

दोन दिवसांचे चार झाले. तिसऱ्या दिवशी मी खाली उतरलो तर कपाटावर शेवंतीच्या सहा कुंड्या! सर्व संतांचा दिवस जवळ आला होता आणि रोझालियाबाईंनी थडग्यांवर ठेवायला फुलं आणली होती. “हलवू नका हो,” त्या म्हणाल्या, “इथे उजेड छान लागतो त्यांना.” म्हणजे मी शस्त्र ठेवायचं कपाट विकत घेतलं आणि शेजारणीसाठी फुलांचा कट्टा बांधून दिला. शेवटी विल्कोने जिन्याचा कठडाच काढला, कपाट वर नेलं आणि कठडा परत बसवला. तो आता हात ठेवला की कुईकुई करतो आणि इमारतीतले सगळे त्याला ‘मास्तरांचा कठडा’ म्हणतात.

मग परवान्याची कचेरी. रायफलीवरचा नंबर मी अर्जात नीट अक्षरात लिहिला होता. खिडकीतल्या बाईंनी चष्मा वर केला.

“हे काय आहे?”

“एक.”

“हा सात आहे.”

“बाई, माझ्या एकाला वर तिरकी रेघ असते. साताच्या पोटातून आडवी रेघ जाते. तो एक आहे.”

“दुकानाच्या कागदावर एक आहे आणि तुमच्या अर्जावर सात. नंबर जुळत नाहीत. अर्ज परत करा.”

अडतीस वर्षं! अडतीस वर्षं मी फळ्यावर एक काढला. निम्मं कोचेव्ये माझ्याकडे बघून एक काढायला शिकलं. या खिडकीतल्या बाईसुद्धा, मी नंतर आठवून पाहिलं, शहात्तर सालच्या तुकडीतल्या निघाल्या. मी नवा अर्ज घेतला आणि पहिलीतल्या मुलासारखा, जीभ बाहेर काढून, एक काढला. शिक्का आठ दिवसांनी मिळाला. तोवर चाचणीला पाच दिवस उरले होते आणि माझी नात ब्रिना राजधानीतून बटाट्यांच्या सुट्टीसाठी माझ्याकडे आली होती. ही सुट्टी पूर्वी शेतातून बटाटे काढायला देत, आता आजी-आजोबांची सहनशक्ती तपासायला देतात. ब्रिना आठ वर्षांची. तिला सगळं मोजायला आवडतं. माझ्यावर गेली आहे.

रायफलीवर दुर्बीण बसवायची होती. मी एकट्याने बसवणार होतो, पण विल्कोला पेचकसाचा आवाज तीन भिंतींपलीकडून ऐकू येतो. तो आला, त्याने रायफल हातात घेतली, आणि “आत काय आहे ते बघू” म्हणून दस्त्याचे दोन्ही स्क्रू काढलेसुद्धा. आत लोखंड होतं. त्याने समाधानाने मान डोलावली आणि स्क्रू परत लावले. किती घट्ट लावले, हे मी विचारलं नाही. इथे एक आठवून ठेवा, बाळांनो. वस्तू उघडणाऱ्याला सगळे प्रश्न विचारतात, बंद करणाऱ्याला कोणी विचारत नाही.

दुर्बिणीवर दोन छोट्या फिरक्या असतात, एक वर आणि एक बाजूला. त्या फिरवल्या की गोळी कागदावर लागण्याची जागा सरकते. एकेक टिकटिक म्हणजे शंभर मीटरवर एकेक सेंटिमीटर. फिरक्यांवर परदेशी अक्षरं होती.

“ही काय भाषा?” विल्को म्हणाला. “थांब, माणसासारखं लिहून देतो.” त्याने पांढऱ्या कागदाचे दोन इवलेसे तुकडे कापले, दोन्हींवर एकेक अक्षर आणि बाण काढला आणि चिकटवून टाकले. वरच्या फिरकीवर ‘द’. बाजूच्या फिरकीवरही ‘द’.

“दोन्हींवर द?” मी विचारलं.

“एक देस्नो, एक दोल. मास्तर आहेस, कळेल तुला.”

आमच्या भाषेत उजवीकडे म्हणजे देस्नो आणि खाली म्हणजे दोल. कोणता द कोणाचा, ते विचारायचं मी टाळलं. जो माणूस अडतीस वर्षं उत्तरं देत आला त्याला फिटरला प्रश्न विचारणं जड जातं. आणि तर्क तर साधा होता. वरची फिरकी बरणीच्या झाकणासारखी आडवी फिरते, म्हणजे ती डाव्या-उजव्याची. बाजूची फिरकी चाकासारखी वर-खाली फिरते, म्हणजे ती वर-खालची. सिद्ध झालं.

बुधवारी आम्ही तिघं गावाबाहेरच्या नेमबाजीच्या मैदानावर गेलो. ब्रिनाला मी दोरीच्या मागे बाकावर बसवलं आणि तिच्या कानांवर मोठी लाल झाकणं चढवली. त्या झाकणांचा एक दुष्परिणाम माझ्या लक्षात आला नव्हता. ज्याला स्वतःला ऐकू येत नाही, तो ओरडून बोलतो.

पहिली गोळी. कागदाच्या मध्यापासून वीतभर डावीकडे, उंची बरोबर.

“फिरव!” विल्को म्हणाला. “उजवीकडे घे.”

मी वहीत आलेख काढला होताच. त्यात बिंदू टाकला आणि वरची फिरकी ‘द’कडे वळवली, देस्नो, उजवीकडे. दुसरी गोळी. तेवढीच डावीकडे, शिवाय वीतभर खालीही गेली.

“आता आणखी उजवी आणि थोडी वर,” विल्को म्हणाला. “आणि भराभर मार! नळी गरम व्हायला हवी. थंड इंजिन कधी नीट चालतं का?”

मी वरची फिरकी आणखी ‘द’कडे वळवली. बाजूची ‘द’च्या उलट फिरवली. नळीला आधार म्हणून एक लाकडी ठोकळा घेतला. तिसरी गोळी कागदावर कुठेच नव्हती.

“आजोबा!” पाठीमागून केकाटणं आलं. “तिसरी गोळी कुठे गेली?”

शेजारच्या पट्ट्यावर सराव करणारे दोन गृहस्थ शांतपणे दुसरीकडे बघू लागले. हा सभ्यपणा माणसाला फार लागतो.

नऊ काडतुसं संपेपर्यंत मी प्रत्येक गोळीनंतर काहीतरी फिरवलं. नळी इतकी तापली की विल्कोने तिच्याजवळ हात शेकले. “आता गरम झालीय,” तो म्हणाला, “आता सुरुवात कर.” वीस काडतुसांच्या डब्यात अकरा उरली होती आणि माझ्या वहीतला आलेख काचेवर बसलेल्या माश्यांसारखा दिसत होता. ब्रिनाने जाताना जोरात जाहीर केलं की आजोबांच्या नऊ गोळ्यांपैकी पाच कागदाला लागल्या, म्हणजे पंचावन्न टक्के. “आणि पास व्हायला किती लागतात, आजोबा?”

शनिवारी सकाळी मैदानावर धुकं होतं आणि मंडळातली वीसेक माणसं. कोणी सॉसेज आणि आंबवलेला कोबी गरम करत होतं. आमच्यात कोणी कोणाला नशीब चांगलं असो असं म्हणत नाही, नशीब बिघडतं म्हणतात. “नजर चांगली!” असं म्हणायचं. सगळे मला तसं म्हणाले. माझी नजर चांगलीच होती, बाळांनो. मला अगदी स्पष्ट दिसत होतं की मी नापास होणार आहे.

उर्बान पुढे आला. उंच, शांत, हातात पाटी. “सर, तीन गोळ्या. सावकाश.”

हे ‘सावकाश’ त्याने मुद्दाम म्हटलं की सहज, हे मला अजून कळलेलं नाही.

तीन गोळ्या मारल्या. सगळी शस्त्रं उघडून खाली ठेवली गेली आणि आम्ही चालत कागदापर्यंत गेलो. एक भोक वर्तुळात होतं. एक कागदाच्या कोपऱ्यात, कंपनीचा शिक्का असतो तिथे, बरोबर त्या शिक्क्यात. तिसरं नव्हतं.

शंभर मीटर मागून बाकावरून आवाज आला, “आजोबा! पुन्हा तिसरीच हरवली का?”

कोणीतरी खोकलं. ते खोकणं नव्हतं.

उर्बान हसला नाही, आणि तेच जास्त लागलं. “सर, दुसरी संधी सगळ्यांचं झाल्यावर, दुपारी. तोवर शेवटच्या पट्ट्यावर बसू या का? वही आणली आहे ना? तुमच्याकडे वही असणारच.”

त्याने वही उघडली. बराच वेळ पाहिलं. मग रायफलीवरचे विल्कोचे दोन ‘द’ पाहिले. मग पुन्हा वही.

“सर, वरची फिरकी कशासाठी?”

“डाव्या-उजव्यासाठी. आडवी फिरते ना.”

“ती आडवी फिरते हो. पण गोळीला ती वर-खाली नेते. वरचा द म्हणजे दोल. देस्नो बाजूचा.” त्याने वही माझ्यापुढे सरकवली. “सर, तुमच्या क्ष आणि य यांची अदलाबदल झाली आहे.”

मी वहीकडे पाहिलं. नऊच्या नऊ गोळ्या माझ्याकडे बघत होत्या.

“सातवीत मी हेच केलं होतं,” उर्बान हळूच म्हणाला. “तुम्ही मला अख्खी वही परत लिहायला लावली होती.”

“किती पानं होती?”

“चौऱ्याण्णव.”

त्या क्षणी रानातून एखादं डुक्कर येऊन मला घेऊन गेलं असतं तर मी विरोध केला नसता.

“पण सगळा दोष त्या अदलाबदलीचा नाही,” उर्बान म्हणाला आणि त्याने रायफल दोन्ही हातांनी धरून हलकेच पिळली. दस्ता आणि नळी यांच्यामधून कट्ट असा आवाज आला. “हे स्क्रू कोणी लावले?”

“एका फिटरने.”

“बोटांनी लावले असावेत.” त्याने खिशातून किल्ली काढून ते घट्ट केले. मग नळीत दोरीला बांधलेलं फडकं घालून ओढलं. फडकं काळं, तेलकट निघालं. “नवी रायफल दुकानातून तेल पिऊन येते, सर. पहिल्या गोळीआधी पुसायची असते. आणि हा ठोकळा फेकून द्या. नळीला कशाचा आधार द्यायचा नाही, बार होताना ती थरथरते आणि ठोकळ्यावरून उसळते. दस्त्याखाली वाळूची पिशवी. तीन गोळ्या मारायच्या, मध्ये नळी गार होऊ द्यायची, आणि मधे फिरकीला हात लावायचा नाही.”

“पहिली चुकली तरी?”

“पहिली चुकली तरी. एका गोळीवरून काही ठरत नाही. तुम्हीच म्हणायचा ना, एका चाचणीवरून मूल ठरत नाही, तीन होऊ द्या, मग बघू.”

आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकू आलं की ते किती शहाणपणाचं होतं ते कळतं. ते ऐकून किती राग येतो, तेही कळतं.

त्याने माझ्या हातातून रायफल घेतली, पाठ करून भरली आणि परत दिली. “मारा.”

मी श्वास सोडला, नेम धरला, घोडा दाबला. टक्. एवढंच. बार झालाच नाही. पण मी मात्र डोळे घट्ट मिटले होते, खांदा पुढे ढकलला होता आणि नळी उंदीर दिसलेल्या मांजरासारखी खाली झुकली होती. उर्बानने आत सरावाचं, दारू नसलेलं पोकळ काडतूस घातलं होतं.

“आजोबा घाबरले!” ब्रिनाने सगळ्या मैदानाला कळवलं.

“सगळेच घाबरतात,” उर्बान म्हणाला. “आवाजाला शरीर आधीच दचकतं. घोडा ओढायचा नाही, सर. लिंबातून एक थेंब काढायचा असल्यासारखा दाबत जायचा. कधी सुटली ते तुमचं तुम्हालाही कळता कामा नये.”

पोकळ काडतुसावर त्याने मला वीस वेळा दाबायला लावलं. ब्रिना मोजत होती. अकराव्यांदा नळी हलली नाही. सतराव्यांदा पुन्हा हलली, कारण त्याच वेळी विल्को सॉसेज खात आला आणि म्हणाला, “अजून गरम नाही झाली?” उर्बानने त्याच्याकडे पाहिलं. वर्गात मोठ्याने बोलणाऱ्या मुलाकडे मी जसं बघत असे, अगदी तसं. विल्को दोरीच्या मागे गेला. ती नजर मी कधी शिकवली ते मला आठवत नव्हतं.

डब्यात आठ काडतुसं होती. तीन मारली, सावकाश, काहीही न फिरवता. बाळांनो, काहीही न फिरवणं किती कठीण असतं! पहिली गोळी चुकलेली दुर्बिणीतून दिसत होती, बोटं आपोआप फिरकीकडे जात होती. मी शेवटी डावा हात मांडीखाली घेऊन बसलो.

कागदापाशी गेलो तर तीन भोकं एकमेकांना चिकटून होती. तळहाताखाली झाकली जातील अशी. जागा चुकीची, पार डावीकडे आणि खाली, पण तिन्ही एका जागी.

“हा तुमचा पुंजका,” उर्बान म्हणाला. “रायफल चांगली आहे. तुम्हीही. आता फक्त सरकवायचं.” त्याने पट्टी लावून मोजलं. चौदा सेंटिमीटर उजवीकडे, नऊ वर. बाजूची फिरकी चौदा टिकटिकी ‘द’कडे, वरची नऊ टिकटिकी ‘द’च्या उलट. मी मोजल्या, ब्रिनाने दोरीमागून माझ्या बोटांकडे बघत मोजल्या. चौथी गोळी बशीत पडली.

उरली चार.

तीनच्या सुमारास माझी दुसरी संधी आली. सकाळच्या कागदावरची भोकं पांढऱ्या कागदाच्या गोल टिकल्यांनी बुजवायची असतात, म्हणजे नवी भोकं ओळखू येतात. शस्त्रं खाली ठेवलेली असताना उर्बानने ते काम ब्रिनाला दिलं. तिने टिकल्या अशा चिकटवल्या की वहीला कव्हर घालताना सुद्धा कोणी एवढं मन लावत नाही.

पहिली गोळी मारली. थांबलो. दुसरी. थांबलो. इतका वेळ थांबलो की मागे कोणीतरी म्हणालं, “झोपले वाटतं मास्तर.” तिसरी सुटली आणि ती कधी सुटली ते खरंच मला कळलं नाही.

आम्ही कागदापाशी गेलो, ब्रिना उर्बानचा हात धरून, बाकीची मंडळी मागे. दोन भोकं बशीच्या आत, शेजारी शेजारी. तिसरं रेषेवर.

“आत आहे,” एकजण म्हणाला.

“बाहेर आहे. अर्ध्याहून जास्त बाहेर.”

“शिवली ना रेषेला?”

“शिवली की चुकून शेजारून गेली?”

उर्बान वाकून बघत होता. मग सरळ झाला आणि माझ्याकडे वळला. “सर, तुम्ही सांगा. आत की बाहेर?”

माझ्या डोळ्यांपुढे नारिंगी जाकीट आलं, काट्यांची झुडपं आली, ‘हो हो हो’ आलं. मी ‘आत’ म्हणालो असतो तर कोणी काही बोललं नसतं, म्हाताऱ्या मास्तराला कोण खोडणार? मी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.

“मला वाटतं बाहेर आहे,” मी म्हणालो. आणि स्वतःचाच एवढा राग आला की पुढचं वाक्य ओरडूनच निघालं, “पण भिंग लावून बघ! अंदाजाने गुण देत नाहीत!”

“बरोबर, सर. रेषेला शिवली असेल तर आत. नियम तसा आहे.” आणि उर्बान खोपीत भिंग आणायला गेला.

तो जाऊन येईपर्यंत आम्ही वाद घालत होतो. रेषेला जाडी असते की नसते इथपर्यंत वाद गेला, आणि तो मीच तिथपर्यंत नेला. ब्रिनाच्या कानांवर झाकणं होती. तिला काही ऐकू येत नव्हतं. तिला दिसत एवढंच होतं, की आजोबांचा चेहरा पडला आहे, सगळी मोठी माणसं एका भोकाकडे बोट दाखवून चिडत आहेत, आणि टिकल्यांचा डबा तिच्या हातात आहे.

उर्बान भिंग घेऊन आला तेव्हा रेषेवर एक सुबक पांढरी टिकली होती. चारी बाजूंनी नखाने दाबून बसवलेली.

“बुजवलं!” ब्रिना ओरडली. “आता भांडू नका!”

टिकली काढायला गेलो तर कागद फाटला. उर्बानने भिंग खिशात ठेवलं, पाटीवर काहीतरी लिहिलं. मी डोकावून वाचलं. ‘दोन आत. एक दुरुस्त.’ मग त्याने डोकं खाजवलं.

“सर, नियमात हे नाही. तिसरी गोळी परत मारा. एकच. काडतूस आहे?”

डब्यात एकच उरलं होतं. वीसपैकी शेवटचं.

नवा कागद लावून सगळे मागे गेले. विल्कोने तोंड उघडलं आणि स्वतःच बंद केलं. मी बसलो. वाळूची पिशवी दस्त्याखाली नीट सारली. डावा हात मांडीखाली घेतला. दुर्बिणीत बशी आली, हलली, थांबली. लिंबू, म्हटलं, लिंबू. हाकारा आठवला, तो बाजूला सारला. रोझालियाबाईंची शेवंती आठवली, तीही सारली. मग आठवायला काही उरलं नाही आणि बार झाला.

मी रायफल उघडून खाली ठेवली. दुसऱ्या कोणाच्याही हातात शस्त्र नव्हतं. तिपाईवर मोठी दुर्बीण लावलेली असते, तिच्यातून बसल्या जागेवरून भोक दिसतं. उर्बान आधी बघायला गेला, मग बाजूला झाला आणि त्याने ब्रिनाला पुढे केलं. ती चवड्यांवर उभी राहिली. एक डोळा मिटला. मग तो उघडून दुसरा मिटला.

सगळे तिच्याकडे बघत होते. वीस माणसं तिच्या ओरडण्याची वाट बघत होती. मी तर खांदे वर घेऊन कान झाकूनच घेतले.

ती ओरडली नाही. तिने कानांवरची लाल झाकणं काढली, गळ्यात अडकवली आणि चालत माझ्यापाशी आली. माझा कान धरून तिने खाली ओढला, दोन्ही तळव्यांचा भोंगा केला आणि दिवसभरात पहिल्यांदाच अगदी हळू म्हणाली,

“आजोबा, बशीत आहे. अगदी मधोमध. आता ओरडू?”